नाव ठेवायला आत्या

जयवंत आला रविवारी, हातात चिवड्याचा पुडा.
म्हणाला, आत्या, बारसं आहे.
कोणाचं रे? तुझं तर अजून लग्नही नाही.
म्हणाला, धंद्याचं.

क्रिकेट, कबड्डी, मधूनमधून टेनिस.
सिडकोत एक खोली, तीन मोबाइल, एक इन्व्हर्टर,
आकडे घ्यायला जोडीला इंदिरानगरचा गायधनी.
पाटी लागणार नाही, पण नाव पाहिजे.
नावाशिवाय लोक पैसे टाकत नाहीत.

महापालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीशी
एकतीस वर्षं मी नावंच लिहिली.
ऱ्हस्वाचं दीर्घ केलं नाही कोणाचं
फी भरल्याशिवाय.

त्याने यादी काढली खिशातून:
लकी, रॉयल, महालक्ष्मी, गोदा बेट.
गोदेला बेट कुठलं रे, मी विचारलं.
तो हसला. आत्या, इंग्रजीतलं बेट.
महालक्ष्मी नको, तुझी आई शुक्रवार करते.
रॉयल नावाचं सलून आहे द्वारकेला.
आणि लकी हे निकुंभांचं कुत्रं,
एका डोळ्याचं.

नाव ठेवणं अवघड, जयवंता.
नावं ठेवणं सोपं, तेच करत होते मी.

खरं सांगायचं तर हात माझेही कोरडे नाहीत.
दुपारी खिडकीशी गर्दी नसली की
मी आणि शिपाई दगू पगारे पैज लावायचो:
पुढचा अर्ज मुलाचा की मुलीचा.
एक कप चहा.
दगू दर वेळी मुलावर लावायचा
आणि बरेचदा जिंकायचा.
का जिंकतो, ते कळलं त्या दिवशी
मी पैज सोडली.
चहा चालू ठेवला.

दुसऱ्या रजिस्टरातलं एक सांगू?
म्हसरूळचा मुलगा, वय तेवीस.
बापाने कागदांसोबत त्याचा मोबाइलही
काउंटरवर ठेवला, का कोण जाणे.
तो वाजतच होता. कोणीतरी पैसे मागत होतं.
मी कारणाचा रकाना भरला: बुडून.
कशात, याला रकाना नाही.

जयवंत चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिला.
मग म्हणाला, आत्या, नाव.

कोरं ठेव, म्हटलं. कायद्यात बसतं.
बाळाची नोंद नावाविना होते,
नाव मागाहून भरता येतं, पंधरा वर्षांपर्यंत.
तोवर बाळ जगतंय का बघ.

पुडा उघडाच टाकून गेला.

परवा गंगापूर रोडला मिसळ खात होते.
पलीकडच्या टेबलावर तिघं, एकाच मोबाइलवर वाकलेले.
एक म्हणाला, कुमुद काय देतंय आज?
दुसरा म्हणाला, काही का देईना,
कुमुद बुडवत नाही.

कुमुद.

बाविसाव्या वर्षी तांदळाच्या ताटात
अंगठीने वैशाली लिहिलं गेलं माझ्यासमोर,
अक्षर बरं होतं त्यांचं.
तेव्हापासून ते पहिलं नाव
फक्त भावाच्या तोंडात उरलं, आणि भाऊ गेला
करोनाच्या दुसऱ्या लाटेत.
रेशनकार्डावर नाही, पेन्शनच्या पुस्तकात नाही.
पाळण्यातल्या जयवंताच्या कानात मी त्याचं नाव सांगितलं,
माझं त्याला कोणी सांगितलं?
बापानेच सांगितलं असणार, हाक मारता मारता.

राग यायला हवा होता.
आलाही, पण उशिरा, विलंब शुल्कासह.
त्याआधी मी पोऱ्याला हाक मारली,
अजून थोडी तर्री मागवली,
आणि पाव तसाच हातात धरून
ते नाव पुन्हा कोणी घेतंय का,
ऐकत बसले.